त्रेचाळीस सुंभांची पोच

"कच्चं आहे ते टाकायचं नाही, बाई. पक्का तक्ता आमच्याकडे पोचला आणि पोचल्याची पोच तुमच्या हातात आली, तरच कच्चं जाळायचं. पोच आली नाही, तर ठेवायचं. तक्ता परत आला, तर दुप्पट जपायचं. एवढं केलंत की पुढचं सगळं आपोआप होतं."

गणतीच्या साहेबांचा हा आवाज आजही पहाटे तुळशीला पाणी घालताना कानात येतो आणि तांब्या हातातच राहतो. त्यांच्या त्या 'आपोआप'ला घाबरले, इतकी मी आयुष्यात कशाला घाबरले नाही.

अठ्ठावन्न सालचा वैशाख. सरकारने आमच्या भागातले माड मोजायचं मनावर घेतलं. कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तालुक्याच्या गावी एका भाड्याच्या खोलीत गणतीची कचेरी उघडली आणि मोजायचं काम, नेहमीप्रमाणे, शाळामास्तरांच्या गळ्यात पडलं. आमच्या वाडीला मास्तर नव्हता, मास्तरीण होती. ती मी. मुलींच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवायचे. माझा आवाज मुळात लहान. शेवटच्या ओळीतल्या मुली माझे ओठ बघून पाढे म्हणतात. अशा बाईने त्रेचाळीस घरांत फिरून "तुमचे माड किती?" विचारायचं होतं.

साहेब घाटावरचे. फोंडाघाट उतरून आले ते मान वर करूनच. माडांकडे बघत मला म्हणाले, "ही सगळी एकाच जातीची झाडं का?" मी "होय" म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी वहीत काहीच लिहिलं नाही. मग त्यांनी पक्क्या तक्त्याचे छापील कागद मोजून पाच दिले. कच्च्या नोंदींसाठी कागद मागितला, तर म्हणाले, "कच्च्याला काय, घरचंच काहीतरी वापरा."

घरचं म्हणजे काथ्याचा सुंभ.

याचं श्रेय बाबलीला. बाबली आमच्या वाडीचा पाडेली, सगळ्यांच्या माडांवर चढून नारळ पाडणारा. कुणाच्या परसात किती माड, कुठला वाकडा, कुठल्याला उंदीर लागलाय, हे त्याला पाठ. पण त्याला लिहिता येत नाही, आणि माझ्याकडे कागद नाही. "बाईनू, तुमी भिया नको," तो म्हणाला. "एक घर, एक सुंभ. एक माड, एक गाठ. बापूस माजो असोच मोजी." ज्याच्या घरचे माड त्याच्याच घरचा सुंभ मागून घ्यायचा, माडाखाली उभं राहून गाठ मारायची, आणि घर ओळखू यावं म्हणून टोकाला त्या घरची खूण बांधायची. यमुनाबाईंच्या सुंभाला फुटकी बांगडी, गुणाजीच्या सुंभाला विडीचं पान, भटजींच्या सुंभाला जानव्याचा तुकडा. चार दिवसांत त्रेचाळीस सुंभ माझ्या पडवीत आले. मी गाठी मोजून छापील तक्ता भरला.

त्यातला अठ्ठाविसावा सुंभ अगदी आखूड होता. त्याला गाठी तीन, आणि खूण म्हणून जाळ्याचा तुकडा. तो चंद्रावतीचा.

चंद्रावती मासे विकते. तिचा नवरा बाळा तीन वर्षांमागे तापाने गेला. लग्नाच्या वर्षी त्याने खाडीकडच्या पट्टीत स्वतःच्या हाताने लावलेले तीन माड, एवढंच त्याने मागे ठेवलं. पण बाळाचा थोरला भाऊ गुणाजी त्या माडांचे नारळ आपल्या अंगणात उतरवून घेई आणि वर म्हणे, "माड घराचे. तुजां नाव खंय लिवलांहा?" खरोखरच कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या पट्टीच्या गणतीच्या दिवशी गुणाजी लग्नाला शिरोड्याला गेला होता. एरवी गुणाजीला बघून वाट बदलणारा बाबली त्या दिवशी छाती काढून पट्टीत गेला आणि त्याने चंद्रावतीच्या नावाच्या तीन गाठी मारल्या.

"ही मालकीची नोंद नव्हे" असं तक्त्यावर ठळक छापलेलं होतं. पण तक्ता मंजूर झाला की चावडीवर लागणार होता, आणि आमच्या वाडीत छापलेलं कुणी वाचत नाही, कुणाचं नाव कुठे आहे तेवढं बघतात.

"बाईनू," चंद्रावती पाटी उतरवून म्हणाली, "माजो सुंभ येगळो ठेवशात मां?"

"ठेवतंय गो."

"हरवाचो नाय मां?"

"नाय हरवाचो. माझो शब्द तुका."

मी तो नेऊन देवघरात, सोवळ्याच्या डब्यात ठेवला. बाकीचे बेचाळीस पडवीतल्या आडव्या वाशाला टांगले. तक्ता टपालाने गेला. आता पोच आली की झालं.

पोच आली नाही.

ज्येष्ठ गेला. आमचे हे शाळेतून आले की त्यांचं डोकं सुंभांच्या घोसात शिरे. हे हायस्कुलात गणित शिकवतात, त्यामुळे घरात आवाज न चढवता छळायची कला त्यांना येते. टोपीतून काथ्याचे तंतू काढत ते विचारत, "पोच आली का?" नाही म्हटलं की "मग ठेवायचं. नियम आहे," असं म्हणून गंभीरपणे चहा घेत.

शेजारच्या यमुनाबाईंचं मत वेगळं होतं. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या आणि माझ्याविषयी सगळे निर्णय त्या आपल्या परसातूनच घेतात. "सुनीती गो, जाळून टाक. साहेब बघूक येतलो काय?" दुसऱ्या दिवशी, "जाळू नको, राख वाऱ्यान माज्या भातावर येतली. पाण्यात भिजत घाल." तिसऱ्या दिवशी, "भिजत घालू नको, वास येतलो." भटजी म्हणाले, सरकारी वस्तूचा वास्तूत फार काळ वास बरा नव्हे. हा सुंभ सरकारी की घरचा, यावरच मग दोन दिवस खल झाला.

आणि आषाढी एकादशी आली.

मी दर चातुर्मासात एक नेम धरते. कधी जेवताना मौन, कधी अळणी, कधी रोज पिंपळाखाली दिवा. त्या वर्षी मनात आलं, वर्गात आपण वर्षभर 'नको', 'नाही', 'करू नये' एवढंच बोलतो. चार महिने तरी जिभेला वळण लावावं. म्हणून देवापुढे हात जोडून म्हटलं, दारात येऊन कुणी वस्तू मागितली आणि ती घरात असली, तर नाही म्हणणार नाही.

वाशाला बेचाळीस सुंभ टांगलेल्या बाईने हा नेम धरावा! देव त्या वेळी हसला असेल तर मला आता राग नाही.

द्वादशीला सकाळीच यमुनाबाई पायरीशी. "सुनीती, वासरू बांधूक एक सुंभ दी गो." त्यांची नजर नेमकी फुटक्या बांगडीवर. मी आत जाऊन ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "सरकारी कागद देता येत नाही."

"तो कागद नाही, सुंभ आहे."

"मग साहेबांना विचार."

"साहेब म्हणाले होते, कच्चं म्हणजे कच्चं."

"मग देवाला विचार," असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि ते शाळेत गेले.

सुंभ यमुनाबाईंच्याच घरचा होता. व्रत माझं होतं. मी दिला, पण बजावून दिला. "यमुनाबाई, गाठी सोडू नका हां. तेरा माड आहेत त्यात."

संध्याकाळी त्याच सांगत आल्या, "गाठी वासराक टोचत होत्यो, म्हणान मी सोडलंय. सुंभ बरो आसा हां."

तेरा माड वासराच्या गळ्याभोवती गुळगुळीत झाले होते.

बातमी वाडीभर. बाई सुंभ देतात आणि नाही म्हणत नाहीत. एकजण होडी बांधायला घेऊन गेला, एकीने सुंभावर वाकळा वाळत घातल्या. भटजींनी स्वतःचाच सुंभ मागून नेला आणि जानव्याचा तुकडा मात्र परत पाठवला, तो अपवित्र झाला म्हणून. काही सुंभ परत यायचे. ते आणखी वाईट. सरकार माडामागे एक रोप फुकट देणार अशी कुणीतरी आवई उठवली, तेव्हा अकरा गाठींचा सुंभ सतरा होऊन आला. दुसऱ्या कुणी माडांवर कर बसणार असं सांगितलं, तेव्हा सतराचा सुंभ सहा होऊन आला. गाठी ताज्या आहेत की जुन्या, हे मी दिव्याजवळ धरून बघत बसे. दुसरीच्या मुलींच्या पाटीवर खाडाखोड ओळखणारी मी, पण काथ्यावरची खाडाखोड कशी ओळखायची, हे ट्रेनिंगात कुणी शिकवलं नव्हतं.

अखेर श्रावणात मी कचेरीला पत्र लिहिलं. तक्ता पोचला असल्यास कृपया पोच द्यावी.

उत्तर आलं. "कच्च्या नोंदी नष्ट केल्याचा दाखला प्रथम सादर करावा, म्हणजे पोच देता येईल."

मी तीनदा वाचलं. पोच आली तरच नष्ट करायचं, आणि नष्ट केलं तरच पोच येणार. ह्यांना दाखवलं. गणिताचा माणूस, खडू शोधायला उठले. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाले, "याला उत्तर नाही. पण प्रश्न सुरेख आहे."

मी पुन्हा लिहिलं. नम्रपणे लिहिलं, कारण मला दुसऱ्या पद्धतीने लिहिता येत नाही. साहेबांचा तोंडी आदेश असा असा होता, तरी मार्गदर्शन व्हावं. भाद्रपदात लिफाफा आला. जाडजूड. मी तो आधी देवापुढे ठेवला, हात जोडले आणि मग फोडला. "आपल्या पत्राची पोच सोबत जोडली आहे."

पत्राची पोच. तक्त्याची नव्हे.

"आली की पोच!" हे म्हणाले. त्या रात्री मी जेवताना मौन पाळलं. त्या वर्षी तो नेम नव्हता तरी.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र रोज ठरल्या वेळी होई. चातुर्मासात आमच्याकडे मासे बंद, हे चंद्रावतीला ठाऊक. तरी बाजारातून परत जाताना ती अंगणात रिकामी पाटी उतरवी आणि पडवीकडे बघत नसल्यासारखं करून विचारी, "आसा मां?"

"आसा."

की पाटी डोक्यावर, आणि चालू लागे. बेचाळीस घरांना माझं व्रत माहीत होतं, तिलाही होतं. तिने एकदाही काही मागितलं नाही.

कार्तिक लागला. माझी मुक्तता आठ-दहा दिवसांवर आली होती, आणि प्रतिपदेला तिसरं पत्र आलं. मूळ तक्ता कौलांतून गळलेल्या पाण्याने भिजून वाचण्यासारखा उरलेला नाही. सबब आठ दिवसांच्या आत कच्च्या नोंदींसह तक्ता पुन्हा सादर करावा. ज्या मालकाची कच्ची नोंद नसेल, त्याचं नाव तक्त्यात घेऊ नये.

मी पडवीत वर बघितलं. वाशाला एक विडीचं पान लोंबत होतं. सुंभ नव्हता, नुसतं पान.

बाबलीला बोलावलं. तो बिचारा पुन्हा घरोघर हिंडला. पुन्हा सुंभ, पुन्हा गाठी. या वेळी मी प्रत्येक माडाखाली छत्री घेऊन उभी, आणि कुणाला गाठ वाढवूही दिली नाही, सोडूही दिली नाही. पाच दिवसांत बेचाळीस घरं झाली. सहाव्या दिवशी खाडीकडच्या पट्टीत गेलो, तर तिसऱ्या माडाला टेकून गुणाजी बसलेला. मांडीवर कोयता. नारळ सोलत होता, बाकी काही नाही.

"मोज रे बाबली," तो गोड आवाजात म्हणाला. "माज्या सुंभार मोज."

बाबलीने सुंभ काखेत मारला. "बाईनू, माजी पोरां-बाळां आसत," एवढंच म्हणाला आणि आल्या वाटेने गेला.

म्हणजे आता चंद्रावतीची कच्ची नोंद एकच होती. सोवळ्याच्या डब्यातली. गुणाजी शिरोड्यात असताना बांधलेली. आणि ही गोष्ट मला जेवढी कळली, तेवढीच गुणाजीलाही कळली; कुंपणापलीकडे यमुनाबाई असताना आमच्या देवघरात काय आहे ते वाडीला ठाऊकच होतं.

सप्तमीला सकाळी तो आमच्या दारात आला. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून. इतका सभ्य गुणाजी मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. पायरीखालीच उभा राहिला, हात जोडले.

"बाईनू, तुमचो नेम आसा म्हणान आयलंय. तुमच्या देवघरात एक सुंभ आसा. जाळ्याची खूण असलेलो. तो माका होयो."

माझ्या हातात फुलांची परडी होती. कुंपणापलीकडे यमुनाबाईंचं झाडणं थांबलं.

"गुणाजी," मी म्हटलं, "विहिरीवरचा दोर ने. नवा आहे."

"नको. माका तोच होयो."

"पेटीला बांधलेला दोर ने. वाटल्यास पेटीही ने."

"तोच."

वस्तू मागितली होती. वस्तू घरात होती. एकशेवीसच्या आसपास दिवस मी हे व्रत सांभाळलं होतं, वासराच्या गळ्यापासून भटजींच्या जानव्यापर्यंत. सोवळ्याचा डबा माझ्या पाठीमागे दहा पावलांवर होता, आणि त्याच्याही मागे देव बसला होता. मी त्याच्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तो 'दे' म्हणेल अशी मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू.

"नाही," मी म्हटलं.

"काय म्हणालात?" गुणाजीने कान पुढे केला.

हे माझ्या आवाजाचं दैव. माणूस एकदा व्रत मोडतो, मला ते पुन्हा मोडावं लागलं. "नाही देणार."

"ऐकाक येना नाय, बाईनू."

"नाही!"

परडी खाली पडली. कुंपणावरून यमुनाबाई ओरडल्या, "अगो बाये माज्या, व्रत मोडलां!" गुणाजीचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. त्याला नकाराचं इतकं वाटलं नसावं, आवाजाचं वाटलं. दोन पावलं मागे सरला, जोडलेले हात तसेच घेऊन निघून गेला.

दुपारपर्यंत वाडीत माझी छी-थू झाली. सर्वांत जास्त हळहळले ते माझे सुंभ नेऊन परत न देणारे. भटजींनी प्रायश्चित्त काढलं. जी वस्तू नाकारली ती मागणाऱ्याला सन्मानाने नेऊन द्यावी, म्हणजे दोष फिटतो. यमुनाबाई म्हणाल्या, धामापूरच्या भगवतीला विचारून घे. मी म्हटलं, विचारीन. पण कधी, ते सांगितलं नाही. मी उपास केला आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावून म्हटलं, चार महिन्यांतला एक दिवस माझा गेला. उरलेले तीन-चार तरी पुरे करू दे.

त्या दिवशी चंद्रावती नेहमीच्या वेळी आली. पाटी उतरवली नाही. वाडीतून येताना तिच्या कानावर सगळं आलं असणार. तिने विचारलंही नाही, नुसती उभी राहिली.

"आसा," मीच म्हटलं.

तिने पदराने तोंड पुसलं. "माज्यापायी तुमचां व्रत..."

"तुका शब्द पैलो दिल्लो. देवाक मगे."

रात्री ह्यांनी न विचारता माझ्यासमोर शाईची दौत आणून ठेवली, आणि मी तक्ता नव्याने लिहायला बसले. हे गाठी मोजून सांगत होते. अठ्ठाविसाव्या नंबरावर आले तेव्हा डब्यातून सुंभ काढला, तर त्यांनी तो हातात घेतला नाही. चष्म्यातून दुरूनच बघितला. "तीन," म्हणाले. "पुराव्याला हात लावू नये." मग, "टपालाने पाठवणार?"

"नाही. स्वतः जाणार. पोच हातात घेणार."

"आणि पोच हातात आली, की नियमाप्रमाणे कच्चं जाळायचं?"

मी लिहीतच राहिले. या प्रश्नाची पोच मी त्यांना दिली नाही.

मुदतीला एकच दिवस राहिला होता. अष्टमीच्या पहाटे तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. बेचाळीस सुंभांचं गाठोडं काखेत घेतलं. तक्ता पोथीच्या फडक्यात गुंडाळला. आखूड सुंभ गाठोड्यात घालवेना, तो मनगटाला दोन वेढे देऊन पदराखाली घेतला. हे कडी काढायला आले. "दुपारचा नैवेद्य मी दाखवतो. वर्गातही सांगतो," म्हणाले. त्यांना नैवेद्याचा मंत्र येत नाही हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं.

बेड्याचं फाटक सारून बाहेर पडते तर कुंपणाशी यमुनाबाई, केस विस्कटलेले. "सुनीती गो, वासरू सुटलां! तुझ्या काखेत सुंभ दिसतत, एक दी बगया बेगीन!"

मी थांबले. व्रताचे अजून तीन दिवस होते. वस्तू मागितली होती.

"विहिरीवरचा दोर सोडून घ्या," मी म्हटलं. "घागरीसकट घ्या."

यमुनाबाई आमच्या परसाकडे धावल्या. ह्यांची आंघोळ अजून व्हायची होती, हे मला चार पावलं गेल्यावर आठवलं. पण मागे वळले नाही.

पाणंदीच्या वळणावर बाबली उभा होता. धुतलेला सदरा, पायात वहाणा. मी त्याला बोलावलं नव्हतं. "माड कोणी मोजले म्हणान इचारले तर," एवढंच तो खाली बघत म्हणाला आणि त्याने माझ्या काखेतलं गाठोडं घेतलं. जरा अंतर ठेवून माझ्यामागे चालू लागला.

एस्टीला अजून अवकाश होता. तेवढा रस्ता नेहमी मी जप करत जाते. त्या दिवशी माळ घरी राहिली होती. मी पदराखाली मनगटावर बोटं नेली आणि चालता चालता गाठी मोजत गेले. एक, दोन, तीन. आणि पुन्हा एक.